व्हीएचएस कॅसेट डीव्हीडीवर उतरवताना रेघा आणि चौकोन

प्रश्न (जळगाव): लग्नाची कॅसेट डीव्हीडी रेकॉर्डरवर घेतोय. पांढऱ्या रेघा येतात, वरची कड तिरकी होते, वरातीच्या नाचात चौकोन पडतात. व्हीसीआर थेट टीव्हीला जोडला तर चौकोन नाहीत, बाकी तसंच. काय करावं?

उत्तर (भुसावळ): भाऊ, म्हणजे चौकोन रेकॉर्डरचे. ४.७ जीबीच्या डिस्कवर ४ किंवा ६ तासांचा मोड असेल, तर हालचाल जास्त तिथे डेटा पुरत नाही. २ तासांचा एसपी मोड लावा, शक्यतो १ तासाचा.

रेघांसाठी हेड (व्हीसीआरच्या आतल्या फिरत्या ड्रमवरची टेप वाचणारी टोकं) साफ करा. प्लग काढा. शॅमॉय चामड्याचा तुकडा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला हलकेच टेकवून स्थिर धरा आणि ड्रम वरून हाताने फिरवा. वर-खाली अजिबात घासू नका, हेडचं टोक तुटतं. कापसाचा बोळाही नको, धागे अडकतात. पूर्ण वाळल्यावरच कॅसेट घाला. मग ट्रॅकिंग (हेड टेपवरच्या नोंदीच्या रेषेत आणणारी जुळणी) हाताने जुळवा.

उत्तर (धुळे): त्याआधी कॅसेटची झडप उघडून पाहा. टेपवर पांढरी बुरशी असेल तर लावूच नका, व्हीसीआरमधून ती दुसऱ्या कॅसेटींना लागते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेल्या कॅसेटी खराब होतातच. बुरशी नसेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे-मागे फिरवून घ्या, ताण सारखा होतो. कड तरीही तिरकी राहिली तर टाइम बेस करेक्टर (चित्राच्या ओळींची वेळ सरळ करणारी सोय) असलेला व्हीसीआर शोधा. अगदी तळाची थरथरती पट्टी मात्र व्हीएचएसमध्ये असतेच.