घरी केलेली डीएनए चाचणी न्यायालयात चालते का?

धारूरकर गुरुजी (प्रश्न)

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील एका खेड्यात शिक्षक आहे. माझा धाकटा भाऊ ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर चालवतो. गेल्या गाळप हंगामात तो दिवाळीनंतर कारखान्यावर गेला, मध्ये एकदाही घरी आला नाही आणि पट्टा पडल्यावर 10 मार्च 2025 रोजी, होळीच्या तोंडावर, परतला. भावजय आमच्याकडेच होती. 5 नोव्हेंबरला तिला मुलगा झाला; वजन 2 किलो 300 ग्रॅम, प्रकृती उत्तम. आता पारावर बसून महिने मोजणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही. नऊ महिने नऊ दिवस कुठे, इथे तर आठही पुरते भरले नाहीत, ही कुजबुज भावाच्या कानावर गेली आणि त्याने कोणालाही न विचारता मोबाइलवरून डीएनए चाचणीचे किट मागवले. ते पाकीट मी सध्या माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवले आहे.

माझे प्रश्न असे: घरी घेतलेल्या नमुन्यावरून येणारा निष्कर्ष कितपत खात्रीचा असतो? भावजयीला न कळवता, बाळाचे केस वगैरे पाठवून ही चाचणी करता येते का? आणि उद्या प्रकरण न्यायालयात गेलेच, तर हा कागद तिथे चालेल का?

प्रयोगशाळा तंत्रज्ञ, छत्रपती संभाजीनगर

गुरुजी, नमुना नीट घेतला असेल आणि प्रयोगशाळा मान्यताप्राप्त असेल, तर घरच्या नमुन्यावरचे शास्त्रही तेच असते. मुलाच्या डीएनएतील ठरावीक वीस-बावीस जागा पाहतात. प्रत्येक जागी एक खूण आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली असते. वडिलांकडून यायला हवी ती खूण तीन-चार किंवा अधिक जागी जुळलीच नाही, तर तो पुरुष पिता नाही असे सांगता येते. एखाद्याच जागी न जुळणे हा नैसर्गिक बदलही असू शकतो. सगळे जुळले, तर अहवालात 99.99 टक्के किंवा त्याहून अधिक असा आकडा येतो. मात्र हा आकडा त्या पुरुषाची तुलना नात्यात नसलेल्या कोणत्याही परपुरुषाशी करून काढलेला असतो. सख्ख्या भावांच्या बऱ्याच खुणा सारख्या असतात, म्हणून संशय घरातल्याच कोणावर असेल तर ते प्रयोगशाळेला आधी सांगावे लागते. गैरसमज नसावा, हे आम्ही प्रत्येकालाच सांगतो.

नमुना घेताना होणाऱ्या चुका फार साध्या असतात. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या तोंडात आईच्या दुधातील पेशी राहतात, म्हणून दूध पाजल्यावर तासभर थांबून, तोंड स्वच्छ ओल्या फडक्याने पुसून, मगच गालाच्या आतून कापसाची काडी फिरवावी. काडी सावलीत पूर्ण वाळवून कागदी पाकिटात ठेवावी; प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि नमुना वाया जातो. आईचाही नमुना दिला तर निष्कर्ष अधिक पक्का होतो. कात्रीने कापलेले केस या कामी उपयोगाचे नाहीत, कारण त्यांना मूळ नसते. राहिला प्रश्न गुपचूप करण्याचा. ज्या बाईने ते मूल पोटात वाढवले तिच्या पाठीमागे तिच्या बाळाचा नमुना पाठवणे मला तरी पटत नाही, आणि चांगली प्रयोगशाळा संमतीपत्रावर सही मागतेच.

निवृत्त परिचारिका, अंबाजोगाई

गुरुजी, किट उघडण्याआधी मोजणी तरी नीट करा. बाळंतपणाचे 280 दिवस, म्हणजे तुमचे ते नऊ महिने नऊ दिवस, आम्ही गर्भ राहिल्यापासून मोजत नाही, शेवटची पाळी ज्या दिवशी आली त्या दिवसापासून मोजतो. गर्भ साधारण त्यानंतर दोन आठवड्यांनी राहतो. तुमचे भाऊ परतल्यापासून बाळ जन्मेपर्यंत 240 दिवस होतात; त्यात पाळीपासूनचे चौदा मिळवले की 254 झाले, म्हणजे छत्तीस आठवडे आणि वर दोन दिवस. सदतीस आठवड्यांच्या आतले मूल अपुऱ्या दिवसांचे म्हणतात, पण छत्तीस आठवड्यांचे सव्वादोन-अडीच किलोचे ठणठणीत मूल मी नोकरीत किती वेळा हातात घेतले याची गणती नाही. अर्थात वजनावरून काहीच ठरवू नका, कारण पूर्ण दिवसांचे मूलही तेवढेच भरू शकते.

माता-बाल संरक्षण कार्ड काढा. त्यावर शेवटच्या पाळीची तारीख असते. ती सांगीव माहिती असते असे कोणी म्हणेल, तर पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीचा कागद पाहा; त्यात गर्भाच्या लांबीवरून काढलेले वय असते आणि ते सहसा आठवडाभरापेक्षा जास्त चुकत नाही. पारावरचा हिशोब खरा धरला आणि मूल पूर्ण चाळीस आठवड्यांचे मानले, तर मेच्या पहिल्या आठवड्यात तो गर्भ चौदा आठवड्यांच्या आसपास दिसायला हवा होता. तुमच्या भावाच्या परतण्याशी जुळणारा असेल तर दहाच्या आसपास. यावरून पितृत्व सिद्ध होत नाही, पण संशयाला मुळात आधार आहे की नाही ते कळते.

वकील, नांदेड

घरच्या किटचा अहवाल स्वतःपुरता. तो नमुना नेमका कोणाचा होता हे शपथेवर सांगणारे कोणी नसते, त्यामुळे न्यायालयात त्याचे वजन फारसे पडत नाही. न्यायालयाच्या आदेशाने होणाऱ्या चाचणीत ओळखपत्र, छायाचित्र, अंगठ्याचा ठसा, साक्षीदार आणि मोहोरबंद पाकीट हे सारे लागते, आणि नमुने न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात; काही प्रकरणांत हैदराबादच्या डीएनए फिंगरप्रिंटिंग केंद्राकडेही.

पण तो आदेश मागितला की मिळतो, असे समजू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 116 नुसार, म्हणजे जुन्या कायद्यातील 112 नुसार, वैध विवाह टिकून असताना जन्मलेले मूल पतीचेच, हा निर्णायक पुरावा मानला जातो. गर्भ राहू शकला असता त्या काळात पती-पत्नींना एकत्र येण्याची संधीच नव्हती हे सिद्ध केले तरच तो ढळतो. तुमचे भाऊ 10 मार्चपासून घरी आहेत, त्यामुळे ती संधी नव्हती असे म्हणणे अवघड जाईल. रक्तचाचणीचा आदेश सरसकट देऊ नये हे सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्येच सांगितले, आणि 2023 मध्ये पती-पत्नीच्या वादात मुलाची जनुकीय माहिती उघडी करण्याबाबत त्याच न्यायालयाने मुलाच्या हक्काचा विचार पुढे ठेवला. उलट, 2014 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका पोटगीच्या प्रकरणात, न्यायालयाच्या आदेशाने झालेल्या दोन चाचण्या पतीच्या बाजूने आल्यावर त्या अहवालांना कायद्याच्या गृहीतकापेक्षा वरचे स्थान मिळाले, हेही खरे. त्या दोन्ही चाचण्या न्यायालयामार्फत झालेल्या होत्या, एवढे लक्षात असू द्या.

धारूरकर गुरुजी

सर्वांचे आभार. काल भावजयीकडे कार्ड मागितले. कशाला हवे, असे तिने विचारले नाही. ट्रंकेतून आधार कार्डाच्या प्रतींसोबत दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले कार्ड काढून दिले. त्यावर शेवटच्या पाळीची तारीख 26 फेब्रुवारी 2025 आहे. सोनोग्राफी 6 मेची. गर्भाचे वय नऊ आठवडे पाच दिवस. भावाला शेजारी बसवून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बाईंनी सांगितल्याप्रमाणे पेन्सिलने आठवडे मोजले. त्याने एकदा माझ्याकडून, एकदा स्वतः मोजून घेतले, आणि किटची किल्ली मात्र अजून परत मागितलेली नाही. भावजयीला किटचे आम्ही सांगितलेले नाही. तिला ते कळले आहे असे मला वाटते.