शब्दचर्चा : 'जाळरेषा' एक की दोन?

बोरूबहाद्दर :
वनमजुरांच्या प्रशिक्षणाची एक पुस्तिका मराठीत करतो आहे. विषय वणवा. मूळ मजकुरात 'फायर लाइन' आणि 'फायर ट्रेस' अशा दोन वेगळ्या संज्ञा आहेत. पहिली म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा. तिला 'जाळरेषा' केलं, कारण वनखात्याच्या कागदांत आणि बातम्यांत तोच शब्द चालतो. पण दुसरीसाठीही जिथं पाहावं तिथं 'जाळरेषा'च. त्यामुळे एक वाक्य असं झालं : 'जाळरेषा जाळण्याआधी तिच्या दोन्ही कडांना जाळरेषा काढावी.' संपादकांनी त्यावर काट मारली. शिवाय 'जाळ' म्हटल्यावर वाचकाला मासे धरायचं जाळं आठवेल, तेव्हा सगळीकडे 'अग्निप्रतिबंधक रेषा' करा, असा शेरा. म्हणजे आता 'अग्निप्रतिबंधक रेषा जाळण्याआधी...' असं लिहू? 'ट्रेस'ला काय म्हणावं?

अक्षरवेध :
संपादकांचं अर्धं बरोबर आहे. 'जाळरेषा' हा समासच लंगडा आहे. जाळाची रेषा, जाळासाठी रेषा, की जाळलेली रेषा? आणि रेषेला रुंदी नसते, हे शाळेत शिकलो आपण. इथे तर चांगला सहा-सहा मीटरचा पट्टा असतो. 'अग्निरोधक पट्टा' आणि 'अग्निरोधक उपपट्टा' करा. नेमकं, शुद्ध आणि प्रश्न मिटला.

शब्दखोर :
नियंत्रण रेषेची रुंदी मोजायला कोणी जातं का, अक्षरवेध? आणि जाळ-जाळं हा घोळ फक्त संपादकांच्या टेबलावर होतो. 'कानाखाली जाळ काढीन' म्हटल्यावर कोणाला मासे आठवत नाहीत. जाळ आला संस्कृत 'ज्वाल'वरून, जाळं आलं 'जाल'वरून. गंमत अशी की रानात दुसराही हजर असतो : करवंदाची जाळी. जाळीला जाळ लागला, हे मराठीत बिनघोर म्हणता येतं.

सागपान :
शब्द ठरवण्याआधी काम कसं चालतं ते पाहा. 'उपपट्टा' हा शब्दच का चुकीचा, ते त्यातून कळेल. ट्रेस हा लाइनीचा लहान भाऊ नाही, तो तिच्या आधी येतो.

लाइनीची रुंदी कार्य आयोजनेत, म्हणजे वनखात्याच्या त्या जंगलासाठीच्या आराखड्यात, ठरलेली असते. वनाच्या बाहेरच्या सीमेवर जास्त, आतल्या दोन कक्षांच्या (वनाच्या आखलेल्या भागांच्या) मधे कमी. ३, ६, १२ मीटर हे नेहमीचे आकडे. आता १२ मीटर रुंद वाळलेलं गवत एकदम पेटवलं तर ते दोन्ही बाजूंच्या जंगलात शिरणारच. म्हणून आधी दोन्ही कडांना दोनेक मीटरची चिंचोळी पट्टी काढतात. तो ट्रेस. पाऊस संपल्यावर गवत अर्धं हिरवं असतानाच तो कापायचा. तेव्हा मधलं गवत पेट घेत नाही, पण कडेचं कापलेलं आठ-दहा दिवसांत वाळून जळतं. कापलेलं गवत लाइनीच्या आतल्या अंगाला ओढायचं, जंगलाच्या अंगाला कधीच नाही. बाहेर ओढलं तर आपणच आगीला सरपण रचून दिलं.

मग मधलं सगळं वाळलं की जानेवारीत, फार तर फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, लाइन जाळायची. आपल्याकडे आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. त्याआधी हे उरकलेलं हवं. वारा पडल्यावर, दिवस कलताना पेटवायचं. आग वाऱ्याच्या विरुद्ध सरकेल अशा टोकाकडून, आणि उतारावर वरून खाली. खालून पेटवली तर ज्वाला वरच्या गवताला आधीच तापवत जातात आणि आग धावत सुटते. एका वेळी जेवढ्या लांबीवर माणसं उभी करता येतील तेवढाच तुकडा घ्यायचा. दोन्ही कडांना हिरव्या डहाळ्या घेतलेले मजूर, मागे ब्लोअर (हवेचा झोत सोडणारं यंत्र) आणि पाठीवरचे पंप.

रानवाट :
सागपान, एक राहिलं. सागाच्या जंगलात जानेवारीत जाळलेली लाइन मार्चमध्ये पुन्हा पानांनी भरते, कारण पानगळ तोवर चालूच असते. कागदावर लाइन जाळलेली आणि जमिनीवर टीचभर पाचोळा. आग त्यावरून चालत पलीकडे जाते. म्हणून नुसतं जाळून भागत नाही, नंतर दोन-तीनदा झाडावी लागते. आता ब्लोअरने हे काम पटकन होतं, पण ब्लोअरचा पाचोळा दोन्ही कडांना ढीग होऊन बसतो. तो पसरला नाही तर आग कडेलाच उंच उठते आणि ठिणग्या लाइन ओलांडतात.

आणि विदर्भात बोलताना कोणी 'जाळरेषा' म्हणत नाही. 'लाइन काटली का? लाइन जाळली का?' दोनच प्रश्न.

सागपान :
बरोबर. फसण्याची आणखी कारणं : लाइनीलगतचं पोकळ वाळलेलं झाड, जे चिमणीसारखं आतून पेटून वरून ठिणग्या टाकतं, उतारावरून गडगडत जाणारा जळका ओंडका, वाळलेलं शेण, जे दोन-दोन दिवस धुमसतं. बांबूची पेरं फुटून निखारे उडतात ते वेगळंच. ज्वाला दिसेनाशा झाल्या म्हणून माणसं परत नेली की रात्री वारा उठल्यावर तीच लाइन वणवा लावते.

अक्षरवेध :
माहिती छान, पण यातून शब्द कुठे मिळाला? उलट तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. दोन कामं वेगळी, तर दोन संज्ञा हव्यात, आणि 'लाइन काटली' ही काही संज्ञा नव्हे. 'काटणे' तर हिंदीतून आलेलं आहे. मराठीत कापतात.

रानवाट :
भंडारा-गोंदियाच्या मजुराला सांगून पाहा तो मराठी बोलत नाही म्हणून. पुस्तिका कोणासाठी आहे?

कृष्णाकाठ :
साताऱ्याकडे 'जाळपट्टा' चालतो, 'जाळपट्टे काढले' असंच म्हणतात. अक्षरवेध यांचा रुंदीचा आक्षेपही त्यात मिटतो. मग मोठा तो 'जाळपट्टा' आणि कडेची ती 'कडपट्टी', असं केलं तर? सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे माथ्यावरच्या पठारांवर, मुळात काम वेगळं असतं. तिथे पाचोळा नाही, गवत. नोव्हेंबर-डिसेंबरातच पिवळं पडतं आणि वारा थांबत नाही. तिथे रुंद पट्टा जाळण्याची जोखीम न घेता अनेकदा गवत नुसतं कापून, उचलून नेतात. न जाळता काढलेल्या पट्ट्याला जाळपट्टा म्हणायचं का, हा आणखी एक किडा डोक्यात सोडून देतो.

शब्दखोर :
'कडपट्टी' चांगली आहे. विदर्भासाठी 'धुरा' सुचवणार होतो. शेताच्या बांधाला तिकडे धुरा म्हणतात, म्हणजे कड आलीच. पण धुरा आणि धूर एका वाक्यात आले की वाचक गोंधळेल.

रानवाट :
धुरा अजिबात नको, त्याचा आगीशी आधीच वाईट संबंध आहे. मार्च ते मे शेतकरी धुऱ्यावरचं गवत, काडीकचरा जाळतात आणि जंगलाला लागून शेत असलं की तीच आग आत शिरते. उपग्रहावरून येणाऱ्या सूचनांतही हा घोळ होतो. सूचनेतला बिंदू म्हणजे आगीची जागा नव्हे. एका जातीच्या संवेदकात तो ३७५ मीटरच्या चौकोनाचा मध्य असतो, दुसऱ्यात १ किलोमीटरच्या. वनरक्षक बिंदूवर पोचतो तर तिथे काही नाही, आग दोनशे मीटरवर कोणाच्या तरी धुऱ्यावर. 'मजुरांनी धुरा जाळावा' असं पुस्तिकेत छापून आलं तर काय होईल, विचार करा.

निर्मोही :
शब्दांचंच चाललंय तर क्रियापदाकडेही बघा. 'वणवा लागला', 'वणवा पेटला' असं आपण पाऊस पडल्यासारखं लिहितो. महाराष्ट्रात जवळपास सगळे वणवे माणसाच्या हातून लागतात, मुद्दाम किंवा हलगर्जीने. बांबू एकमेकांवर घासून आग लागते, ही तपासाचा कंटाळा आलेल्यांची लाडकी कथा.

अहवालात 'लागला' लिहिलं की 'लावला', याने फरक पडतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव वनाला आग लावणं गुन्हा आहेच. पण आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लावली असेल तर त्याच कलमाखाली राज्य शासन त्या वनातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क काही काळ थांबवू शकतं. एकाने लावली आणि अख्ख्या गावाची गुरं बाहेर. म्हणून कारण ठाऊक नसताना 'लावला' लिहू नये, आणि ठाऊक असताना 'लागला' लिहिणं हाही एक निर्णयच असतो.

शब्दखोर :
'वणवा'बद्दल माझं एक लाडकं म्हणणं आहे. लोक 'वनवह्नि'वरून काढतात, मला त्यात 'दव' दिसतो. संस्कृतात 'दव' म्हणजे रानातली आग, त्यावरूनच दवानल, दावानल. वन-दव, वणव, वणवा. आणि मराठीत 'दव' म्हणजे पहाटेचं पाणी! एकाच शब्दात आगही आणि ती विझवणारंही.

अक्षरवेध :
'द' कुठे गेला ते सांगा आधी. वाटेल ते अक्षर गाळून व्युत्पत्ती होत नसते. 'वह्नि'ही सरळ बसत नाही, हे मान्य. आणि तुमच्या दवाने वणवा विझत नाही. फार तर पहाटे गवत ओलसर असतं म्हणून आगीचा वेग कमी होतो.

सागपान :
तेवढा कमी वेगही कामाचा असतो. मोठी आग आवरण्यासाठी पहाटेचे चार-पाच तास सगळ्यात उपयोगी. दुपारी हवा कोरडी असताना तिच्यामागे धावण्यात माणसं थकतात, हाती काही लागत नाही.

निर्मोही, कारणांचे उपायही वेगवेगळे आहेत. मोहफुलं नीट दिसावीत म्हणून मार्च-एप्रिलमध्ये झाडाखालचा पाला जाळतात. तिथे शिक्षेपेक्षा झाडाखाली जाळी बांधून देणं जास्त कामी येतं. फुलंही मातीत पडत नाहीत. तेंदूला आगीनंतर कोवळी पानं येतात, म्हणून पेटवतात. तिथे झुडपं वेळेत छाटली की तशीच पालवी फुटते. कुरणात नवं गवत यावं म्हणून लावलेली आग मात्र कशाने थांबते, याला एक उत्तर नाही.

कातळकोकणी :
तुम्हा सगळ्यांचं 'जाळणं' म्हणजे गुन्हा किंवा सरकारी काम. आमच्याकडे जाळणं हे शेतीतलं काम आहे आणि त्याचे शब्द वेगळे : राब, भाजणी, भाजावळ. भाताचा तरवा, म्हणजे रोपं, करण्याआधी ती जमीन भाजून घ्यायची. राबाची आग वणवा नव्हे, तरी बातमीदार दोन्हीला एकच शब्द लावतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बरंचसं रान खासगी मालकीचं आहे, तिथे राखीव वनाची कलमं नेहमी लागूही होत नाहीत. काजूची बाग जळाली की भांडण दोन शेजाऱ्यांत.

अक्षरवेध :
भाजणी थालीपिठाची असते.

कातळकोकणी :
आणि राबाचीही असते. पिठाआधी धान्य भाजतात, तरव्याआधी जमीन. खाली शेणी, त्यावर टहाळ, मग पातेरा, वर गवत आणि शेवटी बारीक मातीचा थर. मातीचा थर कशासाठी? आग भडकू नये, धुमसत राहावी म्हणून. भडकली की राख उडून जाते आणि जमीन वरवरच भाजते. धुमसली तर तणाचं बी आतपर्यंत मरतं, राख जागेवर राहते, माती भुसभुशीत होते आणि रोप उपटताना मूळ तुटत नाही. पेटवायचा तोही वाऱ्याच्या विरुद्ध टोकाकडून.

निर्मोही :
आणि टहाळ कुठून येतो? ऐन, किंजळ बोडके करून. भाजावळीची आग बाहेर गेली नाही तरी झाडांचं व्हायचं ते होतंच. चारसूत्री भातशेतीत रोपवाटिकेला भाताच्या तुसाची काळी राख मिसळायला सांगतात, जमीन भाजल्याशिवाय काम होतं.

कातळकोकणी :
तूस गिरणीवर मिळालं तर. आणि तुसाने तण मरत नाही. तण बेणायला, म्हणजे उपटायला, माणूस लागतो, तो मुंबईत आहे. बोडका ऐन दोन वर्षांत पुन्हा पालवतो, फांद्या आलटून पालटून घेतल्या तर. दरवर्षी तेच झाड ओरबाडलं तर मरतं, हे खरं.

बोरूबहाद्दर :
मंडळी, 'कडपट्टी' चालेल का? छपाई अडली आहे.

अक्षरवेध :
पातेरा की पाचोळा, ते आधी ठरू द्या. सागपान वर 'पाला' म्हणाले, रानवाट 'पाचोळा', आता 'पातेरा'. पुस्तिकेत एकच हवा.

रानवाट :
पाला हिरवाही असतो. जळतो तो पाचोळा.

कातळकोकणी :
पातेऱ्यात काटक्याही आल्या. आणि आग धरून ठेवतात त्या काटक्याच, पानं नव्हेत.