पहिली-दुसरीला शिकवायचंय, मग डी.एड. की बी.एड.?

ए-२०३ : नमस्कार. सोसायटीचा विषय नाही, पण ग्रुपवर शिक्षक मंडळी आहेत म्हणून विचारते. लेकीला बारावी सायन्सला ६८ टक्के पडले. सीईटी दिली होती, पण आता म्हणते, इंजिनिअरिंग नको, मला पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवायचंय. मामंजी म्हणतात आधी बी.एस्सी., मग बी.एड. कर. ती डी.एड. म्हणून हटून बसलीय. नक्की काय लागतं? घरात रोज तोच विषय.

सी-४०१ : वहिनी, बी.एड.च करू द्या. मोठी पदवी. लहान वर्गही घेता येतात, मोठेही. डी.एड.ची इतकी कॉलेजं बंद पडली, ती उगाच का?

सी-१०२ : काका, लहान वर्ग आता नाही घेता येत. २०१८ च्या जूनमध्ये एनसीटीईने, म्हणजे शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेने, बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीची मुभा दिली होती, नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करायच्या अटीवर. राजस्थान उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्या तारखेआधी नियमित लागलेल्यांच्या नोकऱ्या वाचल्या. नव्याने कुणी बी.एड. करून पहिली ते पाचवीला लागेल, तर नाही.

सी-४०१ : असं कसं? जास्त शिकलेला माणूस कमी पात्र?

बी-१०४ : भाऊ, जास्त-कमीचा प्रश्नच नाही हा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं, त्यातली १९ पहिली-दुसरीवर. जरा मोठं लिहिते, पण वाचा.

पहिलीतल्या मुलाला सांगा, पंचवीस लिही. तो ५२ लिहितो. नव्या माणसाला वाटतं, पोरगं धांदरट आहे, मग तो दहादा गिरवायला लावतो. पण पोराचं चुकलेलं नसतं. आपण बोलताना आधी पाच म्हणतो आणि मग वीस. ऐकलं तसं त्याने लिहिलं. इंग्रजीत ट्वेंटी आधी येतो, म्हणून तिथे हा घोळ कमी. मराठीत एकवीसपासून ते पार नव्वदीपर्यंत हेच. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? बाजू कुठलीही घ्या, पण ती पुस्तक करणारी मंडळी ज्या अडचणीशी झगडत होती ती खरी आहे. मी रोज फळ्यासमोर पाहिलीय.

मी काय करायचे? खराट्याच्या काड्या सारख्या तोडून ठेवायचे. दहा काड्या झाल्या की मुलाने स्वतः रबर लावायचं. जुडी झाली की ती डावीकडे ठेवायची, सुट्या उजवीकडे. दोन जुड्या, पाच सुट्या. आता तोंडाने म्हण, हाताने ठेव, मग लिही. तीन-चार दिवसांत ५२ थांबायचं. हे मला बी.ए.त कुणी शिकवलं नाही. डी.एड.ला सराव पाठ घेताना आमच्या बाई मागे बसायच्या, त्यांनी माझं टाचण परत केलं होतं, 'मूल इथे अडेल, तेव्हा काय करशील?' असं समासात लिहून.

बी.एड. हे माध्यमिक-उच्च माध्यमिकसाठी घडवतं. तिथे विषय खोल लागतो. सहा वर्षांच्या मुलाला पेन्सिल धरता येत नाही, घरी एक बोली, पुस्तकात दुसरी, शू लागली तर सांगायला लाजतं. हे वेगळं काम आहे. आणि न्यायालयानेही तेच म्हटलं, की हक्काचं शिक्षण म्हणजे चांगलं शिक्षण, आणि प्राथमिकला लागणारं अध्यापनाचं कौशल्य बी.एड.मध्ये येत नाही.

ए-२०३ : बाई, डोळ्यात पाणी आलं. आमच्या हिने पण लहानपणी ५२ लिहिलं होतं, आणि मी तिला रागावले होते.

सी-४०१ : बाई, पटलं. मला हे माहीत नव्हतं.

बी-३०२ : ताई, माझा अनुभव सांगते, म्हणजे तुमची फसगत नको. मी एका संस्थेत एक वर्षाचा नर्सरी टीचर ट्रेनिंगचा कोर्स केला. फी भरताना सांगितलं, पहिली-दुसरीलाही चालेल. बालवाडीत काम मिळालं, पण पहिलीच्या जागेसाठी गेले तर अर्जच बाजूला ठेवला. बालवाडीला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागत नाही, पहिलीपासून लागते, आणि तिला बसायला एनसीटीईची मान्यता असलेला दोन वर्षांचा अभ्यासक्रम हवा. फी भरायच्या आधी मान्यता स्वतः तपासा. मी नाही तपासली. दोन वर्षं गेली.

ए-२०३ : सांगितलंत ते फार बरं केलंत. मग पायऱ्या कशा आहेत?

सी-१०२ : ताई, मी स्वतः याच वाटेने गेलोय, सांगतो. बारावी कुठल्याही शाखेची, खुल्या गटाला साधारण ५० टक्के, राखीवला सवलत. मग दोन वर्षांचं डी.एल.एड., आपण डी.एड. म्हणतो तेच. प्रवेश बारावीच्या गुणांवर, ऑनलाइन. त्यानंतर टीईटी, पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक. १५० गुण, अडीच तास, उणे गुण नाहीत. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी ३०. खुल्या गटाला ९० मिळाले की पास. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं, पूर्वी सात वर्षं होतं. केंद्रीय विद्यालयात जायचं असेल तर केंद्राची सीटीईटी द्यायची.

पण एवढ्यावर जिल्हा परिषदेत नोकरी मिळत नाही. त्यासाठी टेट, म्हणजे अभियोग्यता चाचणी, २०० गुणांची, आणि तिच्या गुणांवर शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड. इथे धीर लागतो. पहिली टेट २०१७ च्या डिसेंबरात झाली, दुसरी थेट २०२३ ला, तिसरी २०२५ ला. मी २०२३ च्या टेटमधून लागलो. आता शिक्षणसेवक आहे, तीन वर्षं, महिना १६,००० मानधन. ते आधी ६,००० होतं, २०२३ पासून वाढलं. खोलीभाडं, बसभाडं जाऊन हातात थोडंच राहतं. ताई, हे मुलीला आत्ताच सांगा. मला कुणी सांगितलं नव्हतं.

सी-३०३ : सर्वांना कळवण्यात येते की उद्या सकाळी ११ ते २ टाकी सफाई आहे. पाणी भरून ठेवावे.

ए-२०३ : १६,००० ऐकून हे गप्प बसलेत. बरं, ते २०३० नंतर डी.एड. बंद होणार म्हणतात, ते काय?

सी-१०२ : २०२० च्या राष्ट्रीय धोरणात लिहिलंय, २०३० पर्यंत शिक्षक होण्यासाठी किमान पदवी चार वर्षांचं एकात्मिक बी.एड. असेल. आयटेप म्हणतात. बारावीनंतर थेट, एनसीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन. त्यात सुरुवातीलाच टप्पा निवडायचा असतो. पायाभूत टप्पा म्हणजे ३ ते ८ वर्षं, बालवाडी अधिक पहिली-दुसरी. तिला हवं ते नेमकं हेच आहे. हे नुसतं बी.एड. नाही, काका, लहान मुलांसाठीचं वेगळं आहे. फक्त मोजक्याच संस्थांत मिळतं, तेव्हा घर सोडावं लागेल.

बी-१०४ : माझं मत सांगू? एनसीईटी देऊ द्या. लागला नंबर तर उत्तम. नाही तर डी.एल.एड. आणि जोडीला किंवा नंतर पदवी, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून केली तरी चालेल. पदवी अधिक डी.एल.एड. असलं की टीईटीचा पेपर दोन देऊन सहावी ते आठवीचीही वाट उघडते. आणि टीईटीला किरकोळ समजू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने नोकरीतल्यांनाही ती सक्तीची झाली, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरली असतील त्यांना दोन वर्षांत पास व्हायचंय. माझी धाकटी जाऊ २२ वर्षं शिकवतेय. रात्री भांडी आवरून ओट्यावरच पुस्तक उघडते, पिठाच्या डब्याला टेकवून. परवा फोनवर म्हणाली, वाचताना कळतंय की मी वर्गात काय काय बरोबर करत होते, फक्त त्याला नाव माहीत नव्हतं.

सी-४०१ : बाई, तुम्ही त्यांच्या मामंजींशी एकदा बोलाल का? माझं ऐकतील ते, पण तुमचं जास्त ऐकतील. मी सोबत येतो.

ए-२०३ : काका, खरंच या. रविवारी चहाला. बाई, लेक इथे शेजारी बसून सगळं वाचतेय. विचारतेय, त्या काड्या अजून आहेत का?

बी-१०४ : आहेत. श्रीखंडाच्या डब्यात. रबरं मात्र सगळी चिकट झालीत, येताना नवीन घेऊन ये म्हणावं. आणि नऊच्या आत ये, वॉचमनची पोरगी यायची वेळ आहे ती. पहिलीत आहे, काल तिने त्रेचाळीसचे ३४ लिहिलेत.

ए-२०३ : येते म्हणते. सव्वाआठला.