हप्ता 5 तारखेला, कमाई देवाच्या भरवशावर: कर्ज कसं फेडलंत?

क्लिकवाला_नाशिकरोड
माळा आवरताना जुन्या अल्बमच्या पिशवीत पतसंस्थेचा बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याचा कागद, सापडला. बायकोला म्हटलं, फ्रेम करू. ती म्हणाली, आधी माळा आवर.

मी लग्नाचे फोटो काढतो. पगारदार माणसाला हे सांगून कळत नाही, की वैशाखात आपण श्रीमंत असतो आणि श्रावणात दूधवाल्याची वेळ चुकवून जिना उतरतो. आषाढी एकादशीला कार्यालयं थंड पडतात ती तुळशीचं लग्न लागेपर्यंत. हप्त्याला मात्र चातुर्मास नसतो. कॅमेऱ्याचं कर्ज, वडिलांच्या बायपाससाठी घासलेलं क्रेडिट कार्ड आणि मावसभावाचे हातउसने, असं तिहेरी होतं. त्यात 2020 चा सीझन आख्खा बुडाला, नंतर 50 माणसांतली लग्नं. मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलता आले, पण व्याज चालूच होतं, मुदत तेवढी लांबली.

लग्नाचा ॲडव्हान्स हातात आला की आधी पावसाळ्यातले हप्ते वेगळ्या खात्यात टाकायचो. त्या खात्याचं एटीएम कार्ड घेतलंच नाही. घरखर्चही सगळ्यात पडेल महिन्यावर बांधला. सरासरी काढली की माणूस कागदावर उगाच सुखवस्तू दिसतो. आधी कार्ड संपवलं, कारण महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला 42, शिवाय त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी. ‘मिनिमम’ भरत बसलो असतो तर मुद्दल तिथंच राहिलं असतं. मावसभाऊ शेवटी. त्याने व्याज घेतलं नाही, वहिनीच्या नजरेत ते चढत होतं.

तुमचं लिहा.

निफाडची_सून
आमच्याकडे पैसा वर्षातून दोनदा दिसतो. शेतीच्या औषधाच्या दुकानाची उधारी, सोसायटीचं पीककर्ज, मजुरांची उचल, सगळं माल निघाल्यावर. सोसायटीचं 31 मार्चच्या आत भरलं तर 3 लाखांपर्यंत बिनव्याजी पडतं, म्हणून मार्चअखेर नवं-जुनं करायची पळापळ. दोन दिवसांसाठी कुठून तरी आणायचे, भरायचे, परत उचलायचे. आमच्या गल्लीत तेव्हा एकच बंडल पाच घरं फिरतं, रबर बँडसुद्धा तोच!! पण यात कर्ज फिटत नाही हो, नुसतं वर्ष बदलतं.
डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यातबंदी आली, मे 2024 ला उठली. तोवर आमचा रांगडा कांदा मातीमोल भावात लासलगावला जाऊन आला होता. त्या साली सासूबाईंनी दोन गाई घेतल्या. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं, दुकानाची उधारी त्यातच वळती केली. द्राक्षाच्या पैशाला हात लागला नाही. आता थांबते, धार काढायचीय.

टवाळ_पंचवटीकर
बंडलाची आरती ओवाळत असाल ना 31 मार्चला 😂

निफाडची_सून
ओवाळतो तर! ज्याचं बंडल तो दोन दिवसांचे पैसे घेतो वर.

शालिमार_स्टँड
रिक्षा आहे माझी. रोज कमाई, रोज खर्च. सगळ्यात वाईट ते ‘डेली’वालं. दहा हजार म्हणतो, हातात साडेआठ ठेवतो, आणि शंभर रुपये रोज शंभर दिवस. ऐकायला काय, शंभरच तर. पोरीने वहीवर गणित मांडून दाखवलं. पैसे रोज परत जात असतात, म्हणजे सरासरी पन्नासच दिवस आपल्याकडे राहतात, त्या हिशोबाने वर्षाला शंभर टक्क्यांच्या वर व्याज. बारावीला आहे ती. मग एक डेली संपल्यावर दुसरं घेतलं नाही, तेच शंभर रुपये पिग्मीला, म्हणजे रोजच्या बचतीच्या खात्याला, चालू केले. एजंट रात्री स्टँडवरच येतो. परमिटचं, इन्शुरन्सचं आता त्यातून निघतं. पाऊस असला की धंदा चांगला, लोक पायी जात नाहीत.

मीनल_सिडको
पोरीला सीए करा भाऊ.

शालिमार_स्टँड
तिला पोलिसात जायचंय 🙂

अंबड_थर्ड_शिफ्ट
कंत्राटी आहे. ब्रेक दिला की दोन-दोन महिने घरी. ईसीएस, म्हणजे खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता, परत गेला की बँक वेगळे कापते, फायनान्सवाला वेगळे, हप्ता तसाच उभा. आमचा पगार 10 च्या पुढे होतो आणि हप्ता 5 ला. अर्ज देऊन तारीख 15 करून घेतली. विचारलं नसतं तर कोणी सांगितलं नसतं. एवढंच. ड्युटीवर चाललो.

मीनल_सिडको
आमचा बचत गट. मी उन्हाळ्यात पापड-कुरडया करते, बाकी वर्ष शिवणकाम. गटात शेकडा दोन रुपये व्याज, म्हणजे वर्षाला 24. स्वस्त नाहीच, पण ते व्याज गटाच्याच पेटीत जातं आणि वाटपाला आपल्याकडे येतं. गटातून उचलून सोनेतारण सोडवलं. दरवर्षी नुसतं व्याज भरून पुनर्तारण करत होतो, पाटल्या तिथेच. सोडवून आणल्या त्या दिवशी जाऊबाईंनी विचारलं, नव्या केल्या का गं? मी हो म्हटलं.
एक मात्र आहे, गटात हप्ता चुकला की बैठकीत सगळ्या बायका आपल्याकडे बघतात. बँकेपेक्षा ते जड.

सुलभाताई_गंगापूररोड
हो म्हटलंत ते बेस्ट केलंत!!! माझ्या आईच्या पाटल्या अशाच गेल्या, परत आल्या नाहीत.

अनामिक_रिक्वेस्ट
नाव नको. ॲपवरून घेतलेलं कर्ज थकलंय, वसुलीवाले सासूबाईंना फोन करतात, रात्री दहाला सुद्धा. नवऱ्याचं काम सुटलंय. कुणी यातून गेलंय का.

क्लिकवाला_नाशिकरोड
ताई, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, थकीत कर्जासाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही. नातेवाइकांना छळणं तर नाहीच. कॉलचे स्क्रीनशॉट ठेवा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, 30 दिवसांत काही झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, फी नाही. ॲपमागे कुठली बँक किंवा फायनान्स कंपनी आहे ते करारात बघा. कुणीच नसेल तर 1930 ला, सायबरवाल्यांना फोन लावा.

मीनल_सिडको
आणि सासूबाईंना आजच सगळं सांगून टाका. फोनवाल्यांची निम्मी ताकद घरात लपवण्यावर असते. रडू नका, होतंय.

अंबड_थर्ड_शिफ्ट
ते ‘अर्ध्यात मिटवू’ म्हणतील. मिटवलंत तर सिबिलला, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीत, ‘सेटल्ड’ लागतं, पुढे कर्ज मिळायला त्रास. नाइलाज असेल तर करा, पण पैसे भरायच्या आधी पत्र घ्या. आणि वर्षातून एकदा सिबिलचा रिपोर्ट फुकट मिळतो, काढून बघत जा. माझा एक भाऊबंद, फेडून झालेलं कर्ज दोन वर्षं चालू दिसत होतं त्याचं.

अनामिक_रिक्वेस्ट
सासूबाईंना सांगितलं आत्ता. त्या म्हणाल्या, मला वाटलंच. थँक्यू सगळ्यांना. पत्राचं लक्षात ठेवते.

टवाळ_पंचवटीकर
आमचं कर्ज सिंहस्थात फिटणार, 2027 ला. घर रामकुंडापासून पाच मिनिटांवर, गच्चीसकट भाड्याने देतो. वडील 2015 ला पण हेच म्हणाले होते. सगळे पाहुणे नात्यातले निघाले, उलट शिधा आम्हीच भरला.

निफाडची_सून
आम्ही पण येऊ, खोली धरून ठेवा 😀

सुलभाताई_गंगापूररोड
विषयाला सोडून आहे, पण क्लिकवाले, नातवाची मुंज आहे मे महिन्यात. काय घेता? अल्बम नको, नुसते मोबाइलवर पाठवा.

क्लिकवाला_नाशिकरोड
ताई, अल्बम नको म्हणू नका, त्यातच तर सुटतात चार पैसे. मुंज कुठे आहे? गावात असेल तर बोलू, त्र्यंबकला असेल तर पेट्रोल वेगळं.

सुलभाताई_गंगापूररोड
त्र्यंबकलाच आहे.