नाविदादचे ३९ जण : वसाहतकार, वसाहतवादी की आणखी कोणी?

रानजाई
एका प्रदर्शनाच्या फलकांचे मराठी भाषांतर करताना अडले आहे. विषय कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पानिओला बेटाचा आहे. आजचे हैती आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक हे दोन्ही देश याच बेटावर आहेत. १४९२ च्या नाताळच्या रात्री कोलंबसाचे ‘सांता मारिया’ हे जहाज या बेटाच्या उत्तर किनाऱ्याजवळ रुतले, ग्वाकानागारी या स्थानिक प्रमुखाच्या माणसांनी सामान उतरवून घ्यायला मदत केली, आणि जहाजाच्याच लाकडांतून ‘ला नाविदाद’ ही गढी उभी राहिली. तिथे ३९ जणांना ठेवून कोलंबस स्पेनला परतला. या ३९ जणांना मी ‘पहिले वसाहतवादी’ म्हटले होते. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘वसाहतकार’ केले आणि कारण विचारल्यावर ‘वादी म्हणजे मत मांडणारा’ एवढेच सांगितले. हा भेद खरोखर पाळला जातो का?

शुद्धमती
पाळला जावा. ज्यांचे जहाज फुटले म्हणून ज्यांना मागे राहावे लागले, त्यांच्या माथी कसला ‘वाद’ मारता? वसाहतवाद ही राज्यकर्त्यांची विचारसरणी आहे. वसाहत करतो तो वसाहतकार. तपासणाऱ्यांचे बरोबर आहे.

कोरांटी
मग ‘दहशतवादी’ कोणते मत मांडत बसतो? रूढ झालेल्या शब्दाची फोड करून त्याला नापास करायचे ठरवले, तर निम्मे वर्तमानपत्र खोडावे लागेल. शाळेपासून आपण ‘वसाहतवादी’ हेच वाचत आलो आहोत, आणि वाचकाला त्यातून जो अर्थ कळायचा तो नीट कळतो.

मोडीवाचक
मला दोघांचीही अडचण शेपटात दिसते. खरी अडचण ‘वसाहत’ या धडातच आहे. जुन्या कागदांत दुष्काळाने किंवा स्वाऱ्यांनी ओस पडलेले गाव पुन्हा वसवण्यासाठी रयतेला कौल म्हणजे अभयाचा लेखी करार दिला जाई, इस्ताव्याने सारा हळूहळू वाढवत नेला जाई आणि लावणी-संचणी, म्हणजे जमीन लागवडीला आणून गाव भरण्याची ताकीद असे. म्हणजे आपल्या भाषेत वसवायचे ते ओसाड रान, आणि वसणारा स्वतः नांगर धरणारा. हिस्पानिओला ओसाड नव्हते. तिथे ताईनो लोकांची मोठमोठी गावे होती, कसाव्याची शेती होती, प्रत्येक मुलखाचा कासीके म्हणजे प्रमुख होता. शिवाय आलेल्यांना नांगर धरायचा नव्हता, सोने हवे होते. पुढे एन्कोमिएन्दा या व्यवस्थेने त्यांच्या वाट्याला जमिनीपेक्षा माणसेच नेमून दिली गेली. वसलेल्यांना राबवणे याला ‘वसाहत’ म्हटले की वाचकाच्या मनात नकळत रिकामे बेट उभे राहते. नाविदादला मी सरळ ‘ठाणे’ म्हणेन.

रानजाई
ठाणे पटले, पण मग त्यात राहणाऱ्यांना ‘ठाणेकर’ म्हणू का? शाळकरी मुले फलकापुढे उभी राहून त्यात मुलुंड शोधतील.

शुद्धमती
मोडीवाचकांनी एक गोष्ट गाळली आहे. त्या ३९ जणांजवळ वर्षभराच्या रोट्या आणि मद्य ठेवले होते, तसेच पेरायला बीही दिले होते. बी देऊन बसवलेल्या माणसाला वसाहतकार नाही म्हणायचे तर काय म्हणायचे?

मोडीवाचक
बी दिले होते हे मान्य; त्यांनी ते पेरले असे म्हणायला मात्र धीर होत नाही. नोव्हेंबर १४९३ मध्ये कोलंबस परत आला तेव्हा गढी जळालेली होती आणि ३९ पैकी एकही जण जिवंत नव्हता. सोने आणि बायका यांवरून त्यांनी माजवलेली बेबंदी आणि काओनाबो या दुसऱ्या कासीकेने केलेला हल्ला, ही कारणे तेव्हाच सांगितली गेली. आपल्याला वसाहत हवीच असेल तर ती या दुसऱ्या सफरीला म्हणा : १७ जहाजे, हजारावर माणसे, घोडे, डुकरे, उसाची बेणी, आणि १४९४ च्या आरंभी वसवलेले ला इसाबेला. तेही काही वर्षांतच ओस पडले, हा भाग वेगळा.

पेडणेकरीण
आमच्याकडे गोव्यात या गोष्टीला पूर्वीपासून शब्द आहे. पोर्तुगीजांनी पुढे घेतलेल्या पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या महालांना आम्ही ‘नव्या काबिजादी’ म्हणतो आणि तिसवाडी, बार्देश, साष्टी या ‘जुन्या काबिजादी’. माझे आजोबा ‘वसाहत’ हा शब्द फक्त कारखान्याजवळच्या चाळींसाठी वापरीत. राज्य म्हटले की काबिजाद. त्यात रिकामेपणाचा भास नाही. काबीज करायचे म्हणजे ते आधी दुसऱ्याचे असलेच पाहिजे.

शुद्धमती
शब्द अर्थवाही आहे, पण ‘काबीज’ अरबीतून आलेला. स्पॅनिश माणसाने ताईनो माणसाचे बेट घेतल्याची हकिगत मराठीत सांगायला अरबी शब्द उसना आणावा, हे मला रुचत नाही.

कोरांटी
आपण ज्या ‘वसाहती’ची बाजू घेता, तिचे ‘-हत’ हे शेपूट तरी कुठले? माझा तर्क असा, की ‘फुरसत’, ‘हुकमत’ यांच्या वळणावर मराठी ‘वस’ला कोणी दरबारी टोपी चढवली असावी.

मोडीवाचक
तर्क गमतीदार आहे, पण ‘वसणे’ या क्रियापदापलीकडे जायची गरज नाही. मराठीत ‘मिळणे’वरून मिळकत झाली, तिला कोणती टोपी लागली?

कोरांटी
आणि उसन्या शब्दांचाच हिशेब मांडायचा तर ताईनोंचे देणे आधी फेडा. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणला, पण तो मूळचा त्याच बेटांवरचा ‘बटाटा’ आहे. आणि तिथे त्याचा अर्थ आपला बटाटा नव्हे, तर रताळे. आपला बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरांवरचा. युरोपात दोन्ही कंदांची गल्लत झाली आणि नाव भलत्यालाच चिकटले.

पेडणेकरीण
हे वाचून आजीची आठवण झाली. एकादशीला ती बटाटा शिजवू देत नसे, कारण तो ‘फिरंग्यांचा’. रताळी मात्र आपली म्हणून खुशाल उकडायची. आता कळते आहे की रताळेही त्याच वाटेने आलेले.

शुद्धमती
‘रताळे’ हा शब्द तरी रक्तालूवरून आलेला, आपलाच आहे. वस्तू परकी असली तरी आपण नाव स्वतःचे दिले. मी इतका वेळ हेच तर सांगतो आहे.

कोरांटी
कोलंबसानेही तेच केले. तिथले लोक ज्याला ‘आयती’ म्हणत होते, त्या बेटाला त्याने ‘एस्पान्योला’, म्हणजेच हिस्पानिओला, हे स्वतःचे नाव दिले.

रानजाई
फलक उद्या छपाईला जाणार आहे. मी तूर्त ‘मागे ठेवलेली ३९ माणसे’ असे लिहिले आहे.

मोडीवाचक
कोणी ठेवलेली, तेही लिहावे.