नेव्हिगेशन डिस्प्लेवर काय दाखवावे आणि काय वगळावे?

प्रश्न
अभियांत्रिकीच्या प्रकल्पासाठी मी सिम्युलेटरमधील नेव्हिगेशन डिस्प्ले, म्हणजे वैमानिकाला मार्गाचा नकाशा दाखवणारा पडदा, तयार करीत आहे. मार्ग, वेपॉइंट (मार्गावरचे ठरवलेले बिंदू), विमानतळ, हवामान आणि डोंगर हे सारे एकाच नकाशावर आणल्यावर पडदा इतका भरून गेला, की पुढचा वेपॉइंटही शोधावा लागतो. शिवाय नकाशाच्या वरच्या बाजूस उत्तर असावी की विमानाची दिशा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
उड्डाणात विमानाची दिशाच वर असावी, म्हणजे पडद्यावर डावीकडे असलेला डोंगर खिडकीतूनही डावीकडेच दिसतो. उत्तर वर असलेला नकाशा मार्ग तपासण्यापुरता ठेवावा; बोइंगमध्ये त्यासाठी ‘प्लॅन’ हा वेगळा मोड असतो. लाल आणि अँबर (पिवळसर नारिंगी) हे रंग इशाऱ्यांसाठी राखून ठेवा आणि विमानतळांसारखी माहिती बटण दाबल्यावरच दाखवा. बोइंगच्या नकाशावरील हिरवा कंस मात्र अवश्य अभ्यासा: आताच्या दराने उतरत राहिल्यास निवडलेली उंची नेमकी कोठे गाठली जाईल, हे तो दाखवतो आणि वैमानिकाचा मनातल्या मनात करायचा हिशेब वाचवतो.

प्रतिसाद २
गर्दी कमी केली तरी प्रश्न संपत नाही. डिसेंबर १९९५ मध्ये कोलंबियातील काली येथे उतरू पाहणाऱ्या अमेरिकन एअरलाइन्सच्या बोइंग ७५७ मध्ये ‘रोझो’ या बीकनसाठी (दिशा दाखवणाऱ्या रेडिओ केंद्रासाठी) छापील नकाशावरचे ‘आर’ हे अक्षर विमानाच्या मार्ग-संगणकात भरले गेले. परंतु संगणकाच्या यादीत पहिला होता तो बोगोटाजवळचा ‘रोमियो’, आणि तोच निवडला गेल्याने विमान पूर्वेकडे वळले. पुढे ते डोंगरावर आदळून १५९ जण मृत्युमुखी पडले. बदललेला मार्ग वैमानिकाच्या मंजुरीपूर्वी तुटक रेषेने दाखवण्याची सोय पुरेशी नाही. विमान अनपेक्षित दिशेला वळणार असेल, तर ते पडद्याने ठळकपणे सांगितले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद ३
आकड्यांकडेही लक्ष द्या. जानेवारी १९९२ मध्ये स्ट्रासबुर्गजवळ एअरबस ए३२० कोसळून ८७ जणांचा मृत्यू झाला. ३.३ अंशांचा उतार द्यायचा असताना मोड (उतार अंशांत की दर फुटांत, ही निवड) चुकल्याने मिनिटाला ३,३०० फूट हा दर दिला गेला असावा, ही तपासात विचारात घेतलेली एक प्रमुख शक्यता होती, कारण तो दर पडद्यावर केवळ ‘३३’ असा दिसे. नंतर एअरबसने तो चार अंकी केला. आपला डिस्प्ले तपासताना सिम्युलेटरमध्ये ऐनवेळी धावपट्टी बदलून पाहा, कारण निवांतपणे नीट वाचता येणारा आकडा घाईत तसाच वाचला जाईल याची खात्री नसते.