द्राक्ष छाटणीमुळे कोपर आणि पंजा दुखतो : दुसरे इंजेक्शन घ्यावे का?

निफाडचा बागायतदार

सर्वांना नमस्कार. माझे वय ४१ असून निफाड तालुक्यात आमची दीड एकर द्राक्षबाग आहे. बाग लहान असल्यामुळे स्वतःची छाटणी आटोपली की आम्ही चौघे जण इतरांच्या बागा उक्त्या घेऊन छाटतो आणि वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा त्यातूनच येतो. गेल्या एप्रिलच्या खरड छाटणीपासून माझ्या उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला, जिथे हाडाचे टोक हाताला लागते त्याच्या किंचित पुढे, दुखू लागले आहे. सुरुवातीला संध्याकाळी ठणका लागे आणि सकाळपर्यंत थांबे. आता दुधाची किटली उचलताना, ओला टॉवेल पिळताना, इतकेच काय चहाचा भरलेला कप उचलतानाही कळ येते आणि वस्तू हातातून सुटेल अशी भीती वाटते.

खरड छाटणीत पिकलेली, टणक काडी एका डोळ्यावर, म्हणजे एकच अंकुर राखून, कापावी लागते. आमची लागवड नऊ बाय पाच फुटांवर आहे, म्हणजे एकरी सुमारे ९६८ वेली. एका वेलीवर ३० काड्या धरल्या तरी एकरात २९,००० काप होतात, आणि चौघांनी दोन दिवसांत एकर उरकायचा म्हटले की एकेकाला दिवसाला साडेतीन हजारांहून अधिक वेळा कात्री दाबावी लागते. इतकी वर्षे हे काम करूनही हा हिशेब मी दुखणे सुरू झाल्यावरच पहिल्यांदा मांडला.

जूनमध्ये एका डॉक्टरांनी कोपरात इंजेक्शन दिले. आठवडाभरात इतका आराम पडला की फेलफूट (नको असलेली फूट) काढणे, शेंडा मारणे, बांधणी ही सगळी कामे मी नेहमीसारखी केली. ऑगस्टमध्ये दुखणे परतले आणि ते आधीपेक्षा जास्त आहे. हल्ली पहाटे करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्याही येतात. वर्षातली दुसरी, ऑक्टोबर छाटणी तीन आठवड्यांवर आली आहे. दुसरे इंजेक्शन घेऊन ती पार पाडावी का, आणि काम पूर्ण न सोडता हात वाचवण्याचा काही मार्ग आहे का, हे कृपया सांगावे. छाटणी पूर्ण सोडणे मला परवडणारे नाही.

फिजिओथेरपिस्ट, नाशिक

नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि दोन्ही छाटण्यांनंतर माझ्याकडे तुमच्यासारखे रुग्ण येतात. हात तपासल्याशिवाय निदान करणे योग्य नाही, तरी तुमचे वर्णन टेनिस एल्बो या दुखण्याशी बरेच जुळते. २००४ साली सचिन तेंडुलकर यांना हा त्रास झाला आणि पुढच्या वर्षी शस्त्रक्रिया करावी लागली, तेव्हापासून आपल्याकडे हे खेळाडूंचेच दुखणे अशी समजूत आहे. प्रत्यक्षात रॅकेट कधीही हातात न धरलेले सुतार, प्लंबर, रंगारी आणि दिवसभर कणीक मळणाऱ्या, धुणे पिळणाऱ्या स्त्रिया यांनाही ते होते.

काम पंजा करतो आणि दुखते कोपर, असे का होते हे समजले तर पुढचे उपाय पटतील. मूठ आवळताना बोटे मिटवणारे स्नायू काम करतात हे आपल्याला जाणवते. पण त्याच क्षणी मनगट आत दुमडू नये म्हणून हाताच्या मागच्या बाजूचे स्नायूही ते ताठ धरून ठेवतात, आणि त्यांतले बरेचसे कंडरांच्या साहाय्याने कोपराच्या बाहेरच्या हाडावर एका लहानशा जागी जोडलेले असतात. तुम्ही कात्री साडेतीन हजार वेळा दाबता तेव्हा त्या जागेला साडेतीन हजार हिसके बसतात. कंडरेची झीज भरून यायला स्नायूपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. दुखणे जुने झाले की तिथे सूज फारशी उरलेली नसते, तंतूंची वीणच बिघडलेली असते. म्हणून सुजेवरच्या गोळ्या तेवढ्यापुरत्या बरे वाटायला लावतात. शिवाय उन्हात, पाणी कमी पिऊन, रोज वेदनाशामक गोळी घेत राहणे जठराला आणि मूत्रपिंडाला घातक आहे, आणि रक्तदाबाची औषधे चालू असतील तर हा धोका वाढतो.

इंजेक्शनविषयी स्पष्टच लिहितो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने पहिले सहा ते आठ आठवडे आराम पडतो यात शंका नाही. मात्र वर्षभरानंतर पाहिले असता ते घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा वाईट होती आणि त्यांचे दुखणे उलटण्याचे प्रमाणही अधिक होते, असे एकाहून अधिक अभ्यासांत आढळले आहे. तुमचा अनुभव त्याच वळणाचा आहे. दुखणे दबलेल्या काळात तुम्ही पूर्ण भार टाकलात, यात तुमचा दोष नाही, कारण तसे करू नये हे कोणी तुम्हाला सांगितलेले दिसत नाही. छाटणी निभावण्यासाठी दुसरे इंजेक्शन घ्यावे, असे मी सुचवणार नाही.

व्यायाम असा करावा. टेबलावर हात टेकवून पंजा कडेबाहेर काढावा, तळवा जमिनीकडे ठेवावा आणि पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली मुठीत धरावी. डाव्या हाताने आधार देऊन उजवे मनगट वर उचलावे आणि मग आधार सोडून चार-पाच सेकंदांत सावकाश खाली न्यावे. असे पंधरा वेळा, तीन फेऱ्यांत, रोज करावे. करताना थोडे दुखले तरी चालते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले असेल तर वजन कमी करावे. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, म्हणजे या छाटणीपूर्वी हात बरा होणार नाही. या हंगामात दुखणे वाढू न देणे एवढेच शक्य आहे. कोपराचा पट्टा वापरायचा असेल तर तो कोपरावर न बांधता दोन बोटे खाली, पंजाच्या दिशेला बांधावा, फक्त कामापुरता ठेवावा आणि रात्री काढावा.

करंगळीच्या मुंग्या ही मात्र वेगळी गोष्ट असावी. कोपर आपटले की ज्या नसेमुळे झिणझिण्या येतात ती आतल्या बाजूने जाते आणि कोपर दुमडून झोपल्यावर ताणली जाते. रात्री कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळून झोपावे, म्हणजे हात पूर्ण दुमडला जाणार नाही. पंजाची पकड कमी वाटू लागली, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग खोल दिसू लागला, किंवा मान वळवल्यावर कळ हातात उतरू लागली, तर हंगाम संपण्याची वाट न पाहता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. कंडरेचे दुखणे काही महिने थांबू शकते, नसेचे थांबवून ठेवू नये.

तासगावचा जुना छाटणीदार

वैद्यकीय बाजू वर फार चांगली मांडली आहे. मी ६३ वर्षांचा आहे आणि चाळीस हंगाम कात्री धरली आहे, म्हणून हत्याराविषयी लिहितो. तुमची कात्री काडी कापते की चिरडते, हे आधी पाहा. कापाची जागा गुळगुळीत दिसली पाहिजे. तिथे साल सोललेली किंवा दबलेली दिसली तर प्रत्येक कापाला तुम्ही गरजेपेक्षा अधिक जोर लावत आहात, असे समजा. काडीचा रस आणि सालीचा चुरा पात्यावर वाळून थर बसतो, त्यामुळे आम्ही दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत पाते पुसून, दगडावरून चार हात फिरवून, खिळीत, म्हणजे दोन पाती जोडणाऱ्या खिळ्यात, तेलाचा थेंब सोडतो. पात्याला ज्या बाजूने उतार आहे त्याच बाजूला दगड लावावा. सपाट बाजू घासली की दोन पात्यांत फट पडते, आणि मग कितीही धार लावली तरी कात्री काडी चावतच राहते.

कात्री हाताच्या मापाची असावी लागते. ती पूर्ण उघडी असताना बोटे दांड्याला जेमतेम टोकाने पोहोचत असतील, तर ती तुमच्यासाठी मोठी आहे आणि मूठ सुरुवातीपासूनच ताणलेली राहते. स्प्रिंग फार कडक असेल तर बदलून घ्यावी. काडी पात्याच्या टोकात न धरता खिळीजवळ, खोलवर घ्यावी, आणि डाव्या हाताने ती किंचित वाकवून धरावी, म्हणजे काप उघडत जातो आणि निम्म्या जोरात काम होते. काडी कापली जात नाही म्हणून मनगट पिळून कात्री फिरवण्याची सवय अनेकांना असते. माझ्या पाहण्यात हात त्यामुळेच सर्वाधिक गेले. अंगठ्याएवढे जाड लाकूड आले की दोन हातांची कात्री किंवा करवत घ्यावी, त्यासाठी चार पावले चालावे लागले तरी चालेल.

मांडव उंच असेल तर पायाखाली रुंद, न डगमगणारा लाकडी चौरंग घ्यावा, कारण हात डोक्यावर ठेवून कात्री दाबताना खांदा आधी थकतो आणि त्याचा भार मनगटावर येतो. बॅटरीवरच्या कात्रीविषयी कोणी सुचवील म्हणून आधीच लिहितो : तिच्याने मुठीचा जोर वाचतो हे खरे, परंतु ती साध्या कात्रीपेक्षा जड असते. शिवाय डाव्या हाताचे बोट पात्यात आले तर ती सहसा थांबत नाही. आमच्या भागात असे अपघात झालेले आहेत. घ्यायचीच असेल तर काडी धरणारा हात पात्यापासून दूर ठेवण्याची शिस्त आधी अंगी बाणवावी.

उक्त्या कामात एकरावर पैसे असल्यामुळे कोणीही थांबायला तयार नसतो, ही खरी अडचण आहे. तुम्ही चौघे आहात, तर दोन-दोन तासांनी काम बदला. एकाने छाटलेल्या काड्या ओळीबाहेर काढाव्यात, एकाने मागून डोळे फुटण्यासाठीची पेस्ट लावावी, दोघांनी छाटावे. पेस्ट लावणाऱ्याने हातमोजे घालावेत. ते औषध कातडीवर येऊ देण्यासारखे नाही. एकराला दोन दिवसांपेक्षा जास्त वेळ लागेल, तेवढी कसर आधीच दर ठरवताना धरा.

दिंडोरी तालुक्यातून

दादा, मी विरळणीच्या (घडातले जादा मणी काढण्याच्या) टोळीत चौदा वर्षे काम केले आहे. तुम्ही करंगळीबद्दल लिहिले आहे. माझा त्रास अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना होता. रात्री दोन-तीनच्या सुमारास हात बधिर होऊन जाग येई आणि हात झटकला की बरे वाटे. विरळणीची कात्री बारीक असते, जोर लागत नाही, म्हणून कात्रीचा दोष असेल असे कोणालाच वाटले नाही. घडातील मणी काढताना मनगट दिवसभर वाकलेले राहते याकडे लक्ष गेले नाही. दोन वर्षे अशक्तपणा समजून मी ताकदीची औषधे घेतली. पुढे ब्लाउजची हुकं लावता येईनात, तेव्हा मोठ्या दवाखान्यात नसांची तपासणी झाली आणि मनगटात नस दाबली गेल्याचे समजले. त्याच वेळी रक्तातली साखर वाढलेली आढळली. मधुमेह आणि थायरॉइड असणाऱ्यांत हा त्रास जास्त दिसतो, असे तिथे सांगितले.

उजव्या मनगटाची शस्त्रक्रिया झाली आणि रात्रीच्या मुंग्या लगेच थांबल्या. डाव्या हाताचा त्रास कमी होता, तो रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधून आटोक्यात आला. परंतु उजव्या अंगठ्याच्या बुडाचे मांस झडले होते, ते भरून आले नाही, आणि सुईत दोरा ओवणे मला आजही जमत नाही. मी दोन वर्षे आधी गेले असते तर तो अंगठा वाचला असता, असे डॉक्टरांनी सांगितले, म्हणून हे लिहीत आहे.

येवल्याचा वाचक

आमच्याकडे निर्गुडीचा पाला वाफवून शेकतात आणि कोपर चोळून देणारे एक जण गावात आहेत. अनेकांना त्यांचा गुण येतो. या प्रकारच्या दुखण्यात त्याचा उपयोग होतो का, हे जाणकारांनी सांगावे.

फिजिओथेरपिस्ट, नाशिक

शेकण्याला हरकत नाही. पाला असो वा गरम पाण्याची पिशवी, उष्णतेने आखडलेले स्नायू सैल होतात आणि रात्री झोप लागते. ज्यांना मधुमेहामुळे किंवा नस दाबल्यामुळे कातडीला कमी जाणवते त्यांनी मात्र दुसऱ्या व्यक्तीकडून उष्णता तपासून घ्यावी, अन्यथा भाजल्याचे कळत नाही. कोपराखालच्या मांसल भागावर हलका हात फिरवणेही चांगले. नेमक्या दुखऱ्या हाडावर जोरात रगडणे, किंवा सांधा सरकला आहे असे सांगून हाताला झटका देणे हे टाळावे, कारण या दुखण्यात सांधा सरकलेला नसतो.

निफाडचा बागायतदार

सर्वांचा मनापासून आभारी आहे. छाटणी आटोपल्यावर, दीड महिन्याने हे लिहीत आहे. इंजेक्शन घेतले नाही. तपासणीत कोपराची कंडरा दुखावल्याचे निदान झाले आणि करंगळीची नस किंचित दाबली जात असल्याचे सांगितले. टॉवेल गुंडाळून झोपू लागल्यापासून पहाटेच्या मुंग्या आठवड्यातून एखाद्या वेळी येतात. कात्री खरोखरच माझ्या हाताला मोठी होती. लहान कात्री घेतली, पाते रोज दुपारी पुसले आणि काम पाळीने वाटून घेतले. आम्ही या वेळी दोन बागा कमी घेतल्या, त्यामुळे पैसे कमी मिळाले, हे खरे आहे. कोपर अजून दुखते, पण किटली उजव्या हाताने उचलता येते आणि व्यायामाला मी आता एक लिटरची बाटली धरतो.

दिंडोरीच्या ताईंनी लिहिलेले मी घरी वाचून दाखवले. ते ऐकून पत्नीने सांगितले की तिचीही मधली बोटे रात्री बधिर होतात आणि ती उठून हात झटकत बसते. हे गेल्या विरळणीपासून चालू असूनही ती बोलली नव्हती. आमच्या बागेची विरळणी पुढच्या पंधरवड्यात सुरू होईल. त्याआधी, येत्या सोमवारी, तिला नसांच्या तपासणीसाठी नाशिकला घेऊन जात आहे.